झाकण बसलं पाहिजे

भोसरीत शेड भाड्याने घेताना माणूस काय बघतो? थ्री-फेज कनेक्शन आहे का, टेम्पो आत वळतो का, पत्रा गळतो का. मी हे सगळं नीट बघून घेतलं. मालकीणबाई बघायच्या राहून गेल्या.

त्या शेडच्या मागच्या अर्ध्या भागात मातीची भांडी घडवत. मातीची म्हणजे माठ-पणत्या नव्हेत. कडक भाजलेली, खणखणीत आवाजाची, राखी-हिरव्या झिलईची भांडी. त्यांची एखादी बरणी मुंबईत कुणा शौकिनाच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, स्वतंत्र दिव्याखाली बसलेली असे. आणि इकडे बाई आमच्या ग्राइंडिंग मशीनच्या पलीकडे साडी गुडघ्यापर्यंत खोचून पिंपातली माती तुडवत असत. ही दोन्ही कामं एकाच बाईंची, हे पटायला मला बराच वेळ लागला. देशातल्या मोठ्या कुंभकारांच्या पिढीतल्या त्या शेवटच्या काही जणांपैकी, असं पुढे एका इंग्रजी मासिकात छापून आलं. आमच्या गल्लीत त्यांची ख्याती एवढीच होती की त्या दुसऱ्याचे डबे उघडतात.

ते खरंच होतं. शेड मिळाल्याचे पेढे घेऊन मी गेलो तेव्हा त्यांनी पेढ्याला हातही लावला नाही. स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं, लावलं, थोडं फिरवलं, पुन्हा लावलं. ‘नापास,’ म्हणाल्या आणि डबा परत दिला. मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, ‘मॅडम बँकेत असतात. मला बाई म्हण.’

बाईंचं जगाबद्दलचं सगळं मत झाकणावर ठरत असे. कुणाच्या घरी गेल्या की आधी साखरेचा डबा, मग चहाची किटली, मग यजमानांची चौकशी. माझ्या बायकोने त्यांना एकदा हौसेने चऱ्होलीच्या आमच्या नव्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. बाईंनी स्वयंपाकघरात शिरून मसाल्याच्या डब्यातल्या सगळ्या वाट्या तपासल्या, कुकरचं झाकण दोनदा लावून पाहिलं आणि ताटावर बसल्यावर म्हणाल्या, ‘भाजी बरी आहे. भांडी टाकून दे.’ ती भांडी बायकोच्या माहेरची होती. पुढचा महिनाभर आमच्या घरात कुकर लावताना जो आवाज व्हायचा तो केवळ कुकरचा नसे.

उतारवयात त्या जवळजवळ फक्त झाकणाच्या बरण्याच करत. वाडगे, पेले, फुलदाण्या यांना त्या ‘बिनजबाबदार भांडी’ म्हणत. बरणीला जबाबदारी असते. तोंड आणि झाकण वेगवेगळं घडवायचं, दोन्ही वाळताना आक्रसणार, भट्टीत पुन्हा आक्रसणार, आणि शेवटी दोघांनी एकमेकांत बसायचं. नुसतं एका जागी नव्हे. झाकण कसंही ठेवा, पाव फेरा फिरवा, अर्धा फेरा फिरवा, ते बसलंच पाहिजे आणि बसताना एकच आवाज आला पाहिजे. टप. ‘टक-टक’ आलं की हातोडा.

हातोड्याचंही सांगतो. नापास बरणी त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवत नसत. आमच्या सकाळच्या चहाच्या वेळी बाई अंगणात लोखंडी ठोकळ्यावर बरणी ठेवत आणि एका घावात फोडत. पहिल्यांदा आमची कामावरची पोरं चहा सोडून धावली होती. नंतर सवय झाली. खापऱ्या आमचा वॉचमन घमेल्यात भरून गेटसमोरच्या खड्ड्यांत टाकी. तो भोसरीचाच जुना गाववाला, स्वतःच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांची राखण करणारा. ‘डांबरापेक्षा लई टिकतंय बगा,’ असं तो मला कौतुकाने सांगे. ज्या बाईंच्या बरणीसाठी लोक विमानाने येत, त्या बरणीच्या बहिणी आमच्या टेम्पोच्या चाकाखाली होत्या. महापालिकेला याची कल्पना नव्हती.

बाईंचे यजमान खुर्च्यांचे डिझायनर. मी शेड घेतली त्याच्या कितीतरी आधी ते गेले होते. ही शेड मुळात त्यांची. वाकवलेला पाइप आणि वेताची वीण अशा खुर्च्या त्यांनी इथे बनवल्या आणि पिंपरीच्या कंपन्यांच्या कॅन्टीनना विकल्या. बाई म्हणायच्या, ‘माणूस सरळ होता, खुर्ची वाकडी. तिच्यात बसलं की दहाव्या मिनिटाला पाठ भरून यायची. जेवणाची सुट्टी वेळेवर संपायची, म्हणून कंपन्यांना आवडायची.’ कंपन्या बंद पडल्या, खुर्च्या भंगारात गेल्या, आणि सगळ्या गेल्यावर शौकिनांना त्यांची किंमत कळली. मुंबईचे एक कलादालनवाले गृहस्थ बाईंकडे बरण्या न्यायला येत. एकदा ते गेटवरच थबकले आणि वॉचमनच्या केबिनपुढे जमिनीवर गुडघे टेकून, भंगारातून वाचलेल्या यजमानांच्या एकमेव खुर्चीच्या खाली बघायला लागले.

‘सायेब, काय पडलं का तुमचं?’ वॉचमन घाबरून म्हणाला.

त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी त्याला गादी लावलेली नवी प्लॅस्टिकची खुर्ची पाठवली आणि ती जुनी उचलून नेली. वॉचमन खूश. ‘ढेकनं गेली येकदाची,’ म्हणाला. पुढे तिचा फोटो एका गुळगुळीत पुस्तकात आला. पाठीवरच्या काळपट डागाला त्यात ‘काळाने चढवलेली झिलई’ म्हटलं होतं. तो वॉचमनच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. बाई ते पुस्तक बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आमच्या पोरांनी त्या गृहस्थांचं नाव खुर्चीवाले साहेब ठेवलं.

आमच्यात आणि बाईंच्यात सोयरीक जुळली ती एका गेजमुळे. आमच्याकडे लातूरकडचे एक कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ग्राइंडिंगवर सगळ्यात जुना हात. ते एकदा एका पार्टचं भोक तपासत होते तेव्हा बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि हातातली ती दांडी काय आहे म्हणून विचारू लागल्या.

‘हे गेज हाय बाई. ह्या बाजूनं गेलं पायजे, त्या बाजूनं गेलं नाही पायजे. दोन्ही झालं की पास. नाही तर नापास.’

‘मध्ये काही नाही? बघू, करू, चालेल, असं?’

‘मदी काय ऱ्हातंय? मदी काहीच नाही.’

बाईंनी ते गेज हातात घेतलं ते परत दिलंच नाही. मला दुसरं आणावं लागलं. खंडेनवमीला आम्ही मशीनांची पूजा केली तेव्हा बाईंनी आपल्या चाकाशेजारी ते गेज ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. ‘एवढं एकच निर्मळ माणूस भेटलं मला,’ म्हणाल्या. ‘मुलगा बघायला आला तेव्हा असं काही हाताशी असतं तर बरं झालं असतं.’

आमच्या शेजारी पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेस आहेत. त्यांच्या हादऱ्याने जमीन थरथरते आणि चाकावरची ओली माती तिरकी होते. म्हणून बाई चाकावर बसत फक्त गुरुवारी. भोसरीत गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. सगळी एमआयडीसी गप्प. आठवडाभर माती मळायची, वाळवायची, भाजायची, आणि घडवायचं मात्र गुरुवारी. बाकी जगाचा विश्रांतीचा दिवस हाच बाईंचा खरा कामाचा दिवस.

माझ्यावर त्या खऱ्या चिडल्या एकदाच. महाळुंग्याच्या एका कंपनीने माझा लॉट परत पाठवायचं ठरवलं होतं. माप केसभर चुकलं होतं. मी फोनवर तिथल्या क्वालिटीवाल्याच्या हातापाया पडत होतो, ‘साहेब, या वेळी डेव्हिएशनवर घ्या ना.’ त्यांनी घेतला. मी हुश्श केलं, तर मागे बाई.

‘डेव्हिएशन म्हणजे काय रे?’

मी सांगितलं. माल नियमात बसत नाही, पण अडचण ओळखून वरचा साहेब एवढ्या वेळेपुरता पास करतो.

‘म्हणजे नापास आहे हे दोघांनाही माहीत आहे?’

‘हो.’

‘आणि तरी पास?’ त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मीच तो नापास लॉट. ‘लाज कुठे ठेवता रे तुम्ही लोक? त्याच टेम्पोत घालून पाठवता का?’ पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मामांशी बोलायच्या, मला ऐकू जाईल अशा बेताने.

आणि मग बाईंचीच झाकणं बसेनाशी झाली.

आधी एखादी बरणी, मग दोन, मग भट्टीतून निघालेला अख्खा लॉट. आमच्या चहाच्या वेळी घावांवर घाव पडू लागले. हात कापतो हे आम्हाला दिसत होतं. कप बशीवर ठेवताना वाजायचा. पण बाईंपुढे बोलणार कोण? खुर्चीवाले साहेब आले, हललेलं झाकण त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाले, ‘बाई, ह्यातच तर सगळं आहे. मशीनचं झाकण घट्ट बसतं, माणसाचं थोडं डुगडुगतं. तुमचा हा उत्तरकाळ लोक डोक्यावर घेतील.’

‘डुगडुगणारं झाकण मला पहिल्याच दिवशी करता येत होतं,’ बाई म्हणाल्या. ‘मग एवढी वर्षं मी काय केलं?’ आणि त्यांच्या देखत ती बरणी फोडली. साहेबांनी खापऱ्या रुमालात बांधून नेल्या. खड्डा एक तसाच राहिला.

त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. चूक घडवणाऱ्या हाताची नसेल, डोळ्याची असेल; झाकण तोंडावर नीट ठेवलंच जात नसेल. आता भट्टीत आहे तो लॉट निघाला की त्याची झाकणं लावून बघणार नाही. ऑपरेशन करून येते, मग नव्या डोळ्यांनी तपासते. त्यातलं एक जरी झाकण बसलं तर हात शाबूत. एकही बसलं नाही तर चाक बंद, कायमचं. बोलताना आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं-सोडणं चाललं होतं. चाक बंद झाल्यावर या बाई करणार काय, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच विचारवला नाही. त्यांना ना मूल, ना बाळ, ना देवदर्शनाची आवड.

लॉट निघाला. मोठ्या बरण्या, मोजक्याच. फळीवर ओळीने लावून, त्यावर धुतलेलं धोतर पांघरून बाई दवाखान्यात गेल्या.

पुढच्या शुक्रवारी मी कामावर आलो तर मामा आणि त्यांच्याबरोबरचे चौघे लग्नघरच्या मंडळींसारखे खुशीत. मामांनी मला मागे नेलं, धोतर उचललं आणि एका बरणीचं झाकण ठेवून दाखवलं. टप. फिरवलं. टप.

‘अरे वा! बसलं की!’

‘बसलं नवतं मालक. एकबी बसंना. सगळे डुगडुगायलते.’ मामा आवाज खाली आणून म्हणाले. ‘मंग काल आलो सगळे. इंजनाचा व्हॉल्व्ह बसिवतो का नाही पेस्ट लावून, घासून घासून? तसंच बसिवले. दिवसभर घासायलोत. कुनाला काय सांगायचं नाही.’

गुरुवारी, स्वतःच्या सुट्टीत, पाचही जण आले होते. कुणाची शिफ्ट नाही, ओव्हरटाइम नाही. माझ्या लेथवर ज्यांना मी वेळेवर आणू शकत नव्हतो ती ही माणसं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि बाईंना कळलं तर काय, ही धास्तीही.

बाई आल्या त्या काळा चष्मा लावून. सगळी मशीनं थांबवली. पाचही जण वेस्टच्या चिंध्यांनी हात पुसून ओळीत उभे राहिले, जसा काही त्यांचाच निकाल होता. बाईंनी चष्मा काढला, पहिल्या बरणीचं झाकण उचललं आणि ठेवलं.

टप.

पाव फेरा. टप. अर्धा फेरा. टप. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. शाळेतल्या पोरीसारख्या हसल्या त्या. ‘डोळाच होता रे,’ त्या पुटपुटल्या, ‘डोळाच होता मेला.’

दुसरं झाकण त्यांनी उचललं आणि सवयीने उलटं करून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. भाजलेल्या मातीचा स्पर्श वेगळा आणि घासलेल्या मातीचा वेगळा, हे आता मलाही कळतं. बाईंचा तर सगळा जन्म त्या अंगठ्यात होता. अंगठा अर्ध्यावर थांबला. त्यांनी मान वर केली. समोर पाच माणसं श्वास रोखून उभी. मामांच्या बोटांवर घासून घासून उठलेले फोड अजून ओले होते.

मी खाली बघितलं. आता हातोडा मागतील, मग मामांना काय काय ऐकावं लागेल.

बाईंनी झाकण ठेवलं. फिरवलं. ‘पास,’ म्हणाल्या.

मग एकेक करत सगळी झाकणं उचलली, ठेवली, आणि प्रत्येक वेळी तितक्याच मोठ्याने, ‘पास’. शेवटचं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला, भज्यांसकट.

‘हात कुठं जातंय बाई तुमचा!’ मामा म्हणाले, आणि सगळे टाळ्या पिटायला लागले.

मंडळी कामाला लागल्यावर त्यांनी मला मागे बोलावलं.

‘पेस्ट बारीक वापरली का रे शेवटी?’

 मी मान डोलावली.

‘छान काम केलंय. घाई केलेली नाही.’ त्या एक झाकण हातात घेऊन बसल्या होत्या. ‘सुट्टीच्या दिवशी आले होते ना सगळे?’

‘हो. पण बाई, तुम्ही पास का म्हणालात?’

‘डेव्हिएशन,’ त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. पलीकडे मशीनं सुरू झाली होती म्हणून बरं.

‘मग आता चाक बंद?’ मी विचारलं.

‘बंद केलं तर त्यांना कळेल,’ बाई म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि माती भिजवायला उठल्या.

त्यानंतर बाई रोज चाकावर बसू लागल्या. गुरुवार सोडून. कारण गुरुवारी बघायला-ऐकायला कुणी नसे. शेजारच्या प्रेस धडाधड आपटत असत, जमीन थरथरत असे आणि बाई चाक फिरवत असत. आमच्या पोरांच्या लेखी हा चमत्कारच होता. ‘आता प्रेस चालू असली तरी बाईंचा हात हालत नाही,’ असं मामा चहाच्या टपरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सगळे घरी गेले की बाई दिवसभर घडवलेलं भांडं न् भांडं पिंपात टाकत आणि वर पाणी ओतत. सकाळी तीच माती पुन्हा चाकावर. भट्टी काही पेटली नाही. विचारलं तर ‘डिझेल चांगलं मिळत नाही’ म्हणत. जन्मभर तोंडावर खरं बोलून अख्खी भोसरी दुखावलेली बाई, म्हातारपणी रोज सकाळी उठून, आंघोळ करून, पाच माणसांसाठी खोटं बोलायला शेडमध्ये येत होती. मी एकटा ते बघत होतो. इतकं अवघड काम मी आमच्या धंद्यात दुसरं पाहिलेलं नाही.

त्या शेवटच्या लॉटवर खुर्चीवाल्या साहेबांचा डोळा होताच. बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, ‘ती भांडी माझी नाहीत, त्या पाच जणांची आहेत,’ आणि दिवाळीला ती पाचांना आणि वॉचमनला वाटून टाकली. साहेब त्याला थोरांचा विनय समजले. काही वर्षांनी बाई वारल्यावर ते पुन्हा आले, मागचा भाग कानाकोपऱ्यापर्यंत धुंडाळला. एवढी वर्षं बाई रोज काम करत होत्या असं सगळे शपथेवर सांगतात, मग ते काम आहे कुठे? मला अजूनही त्यांचा फोन येतो. शौकिनांत म्हणे बाईंच्या हरवलेल्या उत्तरकाळाची फार चर्चा आहे. मी सांगतो, साहेब, मला काही कल्पना नाही.

मागच्या महिन्यात मामा काम सोडून गावी गेले. निघताना त्यांची बरणी गोधडीत गुंडाळलेली होती. सुनेने आत लिंबाचं लोणचं घातलंय, ते आधी संपवा म्हणून मी सांगितलं तर मामा ऐकेनात. एस.टी. यायला वेळ होता. मामांनी गोधडीची गाठ पुन्हा आवळली आणि म्हणाले, ‘मालक, एक विचारू का? त्या दिवशी बाईंना कळलं तर नवतं ना? आमी घासलेलं?’

‘छे,’ मी म्हटलं. ‘कळलं असतं तर पास म्हणाल्या असत्या का?’

मामांनी त्यावर नीट विचार केला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

‘ते बी खरंच हाय,’ ते म्हणाले. ‘बाईला खोटं बोलायला जमलंच नसतं.’